जपानचे सण आणि ढोल मढवणारे हात

जपानविषयी आपल्या समाजात एक जिव्हाळा आहे, आणि त्याला कारणे आहेत. नागपूरच्या दीक्षाभूमीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते भदंत सुरेई ससाई मूळचे जपानचे. कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी उपासकांच्या साहाय्याने उभे राहिले. वर्ध्याच्या विश्वशांती स्तूपामागे फुजी गुरुजींची प्रेरणा आहे. त्यामुळे जपान आपल्याला परका देश वाटत नाही, धम्माच्या नात्यातला वाटतो. आपल्या व्याख्यानांतून आणि शालेय कार्यक्रमांतून जपानची स्वच्छता, जपानचे ऋतुप्रेम, जपानचे सण यांचे दाखले वारंवार दिले जातात. हे दाखले बहुधा खरे असतात. मात्र ते अर्धे असतात. उरलेले अर्धे सांगितल्याशिवाय आपल्या मुलांपुढे जपानचा आदर्श ठेवू नये, असे आमचे मत आहे.

प्रथम जे खरोखर घेण्याजोगे आहे ते पाहू. जपानी सण मंदिरात जितके असतात त्याहून अधिक घरात, शाळेत आणि ताटात असतात. डिसेंबरच्या अखेरीस घर झाडूनपुसून लख्ख केले जाते, वर्षाच्या शेवटच्या रात्री गव्हाळ रंगाच्या सोबा शेवया खाल्ल्या जातात आणि बौद्ध विहारांतील घंटा १०८ वेळा वाजते. माणसाच्या मनातील १०८ क्लेशांसाठी एकेक टोला. फेब्रुवारीच्या आरंभी सेत्सुबुनला भाजलेले सोयाबीन घराबाहेर फेकून अशुभाला हाकलतात. घरातील कोणीतरी, बहुधा वडीलच, राक्षसाचा मुखवटा चढवून मुलांच्या दाण्यांचा मारा खातात. मग ज्याचे जितके वय तितके दाणे त्याने मोजून खायचे. मार्च-एप्रिलमध्ये चेरीच्या झाडाखाली चटया अंथरून घरचे, कचेरीचे, शेजारचे लोक एकत्र जेवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पौर्णिमेला तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे आणि गवताचे तुरे खिडकीत मांडून चंद्र पाहतात. त्या चंद्रावर जपानी मुलांना मोची कुटणारा ससा दिसतो. हा ससा आपल्या ओळखीचा आहे. भुकेल्या अतिथीला देण्याजोगे काही नाही म्हणून स्वतःच अग्नीत उडी घेणारा जातककथेतला ससा तोच. भारतातून चीनमार्गे जपानला पोहोचेपर्यंत त्याच्या हाती मुसळ आले, एवढाच काय तो फरक.

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत हृद्य वाटते ती सुयांची कृतज्ञता, हारी-कुयो. वर्षभर शिवणकाम करताना मोडलेल्या, वाकलेल्या सुया फेकून न देता ८ फेब्रुवारीला, पश्चिम भागात ८ डिसेंबरला, विहारात किंवा शिंतो देवालयात नेतात आणि टोफूच्या मऊ वडीत टोचून ठेवतात. आयुष्यभर जाड कापडातून वाट काढणाऱ्या सुईला अखेरीस मऊ जागा मिळावी, अशी त्यामागची कल्पना आहे. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, पण ती चालत्या हत्यारांची. मोडक्या सुईची आठवण ठेवणे निराळे. ज्यांच्या घरात शिलाई यंत्रावर मुलांची शिक्षणे झाली, अशी कुटुंबे या स्मरणिकेच्या वाचकांत पुष्कळ असतील. त्यांना हा सण वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरी घेण्याजोगी गोष्ट अशी, की जपानने आपले सण वेळोवेळी बदलले आणि बदलताना फारसा संकोच केला नाही. १८७३ च्या १ जानेवारीपासून तेथे जुनी चांद्रसौर कालगणना बाजूला ठेवून पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली गेली. परिणामी सण आपल्या ऋतूंपासून तुटले. सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री दोन ताऱ्यांची भेट साजरी करणारा तानाबाता आता ७ जुलैला ऐन पावसाळ्यात येतो आणि आकाश बहुधा ढगाळ असते. सेंदाईसारख्या शहरांनी म्हणून तो ऑगस्टमध्ये नेला. पूर्वजस्मरणाचा बोन टोकियोत पुष्कळ ठिकाणी जुलैत होतो, इतरत्र बहुतांशी ऑगस्टच्या मध्यावर. एकाच देशात एकच सण दोन महिन्यांत पाळला जातो आणि त्यावरून कोणी कोणाला पाखंडी म्हणत नाही.

याहून महत्त्वाचा बदल १९४८ च्या राष्ट्रीय सुट्ट्यांच्या कायद्याने केला. युद्धापूर्वी वसंत आणि शरद संपाताचे दिवस हे सम्राटाच्या पूर्वजांच्या पूजेचे दिवस होते. कायद्याने वसंतातला दिवस निसर्गाचा गौरव आणि सजीवांवरील प्रेम यांसाठी ठेवला, तर शरदातला सर्वांच्याच पूर्वजांच्या आदरासाठी. २३ नोव्हेंबरला सम्राट नव्या धान्याचा नैवेद्य अर्पण करीत असे. राजवाड्यातला तो विधी अजूनही चालतो, परंतु देशाच्या लेखी तो दिवस आता श्रमाचा सन्मान करण्याचा आणि नागरिकांनी एकमेकांचे आभार मानण्याचा आहे. मुलग्यांच्या शौर्याचा मानला जाणारा ५ मेचा सण त्याच कायद्याने सर्व बालकांचा दिवस झाला आणि मातांविषयीची कृतज्ञता त्यात लिहिली गेली. मुलींचा ३ मार्चचा सण मात्र तेव्हा सुट्टी झाला नाही, आजही नाही. कायदेमंडळाने एका दिवसाला मोकळे केले आणि दुसऱ्याला घरातच ठेवले, असे म्हणावे लागते.

धर्मांतरानंतर आपल्या कित्येक घरांतून जुने सण गेले. ते गेले ते योग्यच झाले. पण दिनदर्शिकेत जी मोकळी घरे उरली त्यांचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांना मुलांनी कधीतरी विचारलेला आहे. सण ही आकाशातून पडलेली वस्तू नसून माणसांनी केलेली आणि माणसांना बदलता येणारी व्यवस्था आहे, हे जपानकडे पाहून सांगता येते. नक्कल करावी असे मात्र आम्ही म्हणणार नाही, आणि त्याचे पहिले कारण बोन हाच सण आहे.

बोनची मूळ कथा आपल्याच परंपरेतली. महामोग्गलानांना दिव्यदृष्टीने दिसले की त्यांची दिवंगत माता प्रेतयोनीत उपाशी आहे. तिच्यापुढे धरलेला घास मुखाशी जाताच जळून जातो. बुद्धांनी त्यांना उपाय सांगितला तो वर्षावास पूर्ण करून आलेल्या भिक्खुसंघाला दान देण्याचा. ही कथा ज्या सूत्रात आहे ते चीनमध्ये रचले गेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. जपानमध्ये सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला विहारांतून भोजनदान करण्याची आज्ञा सम्राज्ञी सुइको हिच्या काळी, ६०६ साली निघाल्याची नोंद जुन्या इतिहासग्रंथात आहे. पुढे त्यात स्थानिक पितृपूजा मिसळली. आज बोनच्या दिवसांत दाराशी छोटा जाळ करून पितरांना घराची वाट दाखवतात. काकडीला काड्यांचे चार पाय लावून घोडा करतात आणि वांग्याचा बैल. येताना पितरांनी घोड्यावरून लवकर यावे, जाताना बैलावरून सावकाश जावे. अखेरीस पुन्हा जाळ, किंवा नदीत सोडलेले कंदील. क्योटोभोवतीच्या डोंगरांवर १६ ऑगस्टच्या रात्री प्रचंड अक्षरांच्या आकाराचे अग्नी पेटतात ते याच निरोपाचे. हिरोशिमात ६ ऑगस्टच्या संध्याकाळी नदीवर जे कंदील तरंगतात, त्यांच्यापुढे तर टीका करणाऱ्याची जीभ थांबते.

तरीही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने विचारलेच पाहिजे, की हे श्राद्ध नव्हे काय? पितर येतात, जेवतात आणि जातात, ही कल्पना आपण सोडली आहे. ती जपानी वेष घालून आली म्हणून दार उघडण्याचे कारण नाही. आणि ही शंका केवळ आपली नाही. जपानमधील सर्वांत मोठ्या बौद्ध परंपरांपैकी एक असलेला जोदो शिन्शू पंथ याच कारणाने वाट दाखवणारा जाळ आणि काकडीचा घोडा मानीत नाही. त्यांच्याकडे बोन म्हणजे दिवंगतांच्या निमित्ताने धम्म ऐकण्याचा, आनंदाने एकत्र येण्याचा दिवस. मूळ कथेतही मृत मातेला पिंड नाही, जिवंत संघाला दान आहे. शहरात विखुरलेली माणसे त्या दिवसांत गावी परततात, समाध्या धुऊन स्वच्छ करतात, आजी-आजोबांची नावे नातवंडांना सांगतात. एवढा भाग वेगळा काढला तर त्यात आपल्याला परके असे काहीच उरत नाही. संपाताच्या आठवड्याचे तर नावच हिगान, म्हणजे पैलतीर. पारमिता या आपल्या शब्दातला ‘पार’ तोच.

बोनच्या रात्री गावोगाव ‘बोन ओदोरी’ नाच होतो. मधोमध लाकडी मचाण, त्यावर मोठा ढोल, त्याला ताइको म्हणतात, आणि भोवती फेर धरलेली आबालवृद्ध माणसे. जपानी संस्कृतीचे दर्शन घडवणाऱ्या प्रत्येक चित्रफितीत हा ढोल असतो. तो ढोल कोणी मढवला?

मेलेल्या जनावराचे कातडे काढणे, कमावणे, ढोल मढवणे ही कामे जपानमध्ये शतकानुशतके ज्यांच्यावर लादली गेली त्यांना आज बुराकुमिन म्हणतात. मृत्यू आणि रक्त यांच्या संपर्काने विटाळ होतो, या विटाळाला तिकडे केगारे म्हणतात, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, अशी समजूत होती. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, विवाहसंबंध बंद. वंश तोच, भाषा तीच, चेहरा तोच, तरीही अस्पृश्य. हे वर्णन वाचताना आपल्यापैकी कोणाला अर्थ विचारावा लागेल असे वाटत नाही. सणाच्या दिवशी ढोलाचा गजर सर्वांना हवा, वाजवणाऱ्याचे कौतुक व्हावे, आणि मढवणाऱ्याने मात्र मांडवाबाहेर राहावे. हलगी आणि डफ यांची कथा आपल्याकडे याहून फार निराळी नाही. येथे तर वाजवणाराही बाहेरच उभा असे.

ढोलच कशाला, क्योटोच्या ज्या बागा पाहून पर्यटक ध्यानस्थ होतात त्यांच्या घडणीतही हे हात होते. नदीकाठी राहणारे आणि कातडीची कामे करणारे लोक म्हणून ज्यांना हिणवले जाई, त्यांच्यातूनच मध्ययुगात उत्तम बागा रचणारे कारागीर निघाले. पंधराव्या शतकातील झेन-आमी हा त्यांपैकीच एक. शोगुन आशिकागा योशिमासाने त्याला आश्रय दिला म्हणून त्याचे नाव टिकले. इतरांची बहुतेक गेली.

१८७१ च्या फर्मानाने हा हीन दर्जा कागदोपत्री रद्द झाला, व्यवहारात झाला नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत देशभरातील बुराकुमिन एकत्र आले आणि त्यांनी सुइहेईशा, म्हणजे समतल करणाऱ्यांची संघटना, स्थापन केली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची एका बौद्ध विहारातच जन्मले होते. त्या परिषदेत यामादा कोनोजिरो हा किशोरवयीन मुलगा व्यासपीठावर उभा राहिला आणि शाळेत शिक्षकांकडून होणाऱ्या भेदभावाविषयी बोलला. आपल्या महाडच्या सत्याग्रहाआधी पाच वर्षे हे घडले.

३ मार्च हा मुलींचा सण, हिनामात्सुरी. त्या दिवशी घराघरांत लाल कापड घातलेल्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. सर्वांत वर सम्राट आणि सम्राज्ञी, त्याखाली तीन दासी, मग पाच वादक, मग दोन मंत्री, आणि माणसांच्या सर्वांत खालच्या पायरीवर तीन सेवक. या सेवकांचे चेहरे एक रडका, एक रागावलेला, एक हसरा असे करण्याची रीत आहे. क्योटोच्या पद्धतीत त्यांच्या हाती दंताळे, सुपली आणि झाडू असतो. बाहुल्या सुंदर असतात, यात शंका नाही. परंतु पायऱ्यांची समाजरचना म्हणजे काय हे ज्यांनी बाबासाहेबांच्या ग्रंथांतून वाचले आहे, त्यांना ही मांडणी पाहताना सम्राटाआधी झाडूवाला दिसतो. ज्या दिवशी घरोघरी या पायऱ्या सजल्या होत्या, त्याच दिवशी क्योटोच्या एका सभागृहात समतल भूमी मागितली जात होती.

आणि यात बौद्ध विहार कोठे होते? हे लिहिणे जड जाते, पण लिहिले पाहिजे. जपानमध्ये मृत्यूनंतर व्यक्तीला विहाराकडून धम्मनाम दिले जाते आणि ते समाधिशिळेवर कोरतात. बुराकुमिनांना दिलेल्या नावांत पशू, दास, कातडे अशा अर्थांची अक्षरे घातली जात. म्हणजे मेल्यावरही जात सुटू नये, अशी तजवीज धम्माच्या नावाने झाली. १९७९ साली अमेरिकेतील एका जागतिक धर्मपरिषदेत जपानच्या बौद्ध प्रतिनिधीने आपल्या देशात असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. त्यावर बुराकुमिनांच्या संघटनेने मोठा आक्षेप घेतला, विधान मागे घ्यावे लागले, आणि मग सोतो झेन व इतर पंथांनी आपापल्या नोंदवह्या आणि समाधिशिळा तपासून अशी नावे बदलण्याचे काम हाती घेतले. बौद्ध म्हणवल्याने जात आपोआप जात नाही, हे यातून दिसते. विचारल्यावर, पाठपुरावा केल्यावर ती जागा सोडते, हेही दिसते. ओसाकाच्या नानिवा भागात ढोल मढवणाऱ्यांची जुनी वस्ती आहे. तेथील तरुणांनी १९८७ साली स्वतःचे ढोलपथक काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘इकारी’, म्हणजे संताप. आजवर ढोल करून दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यांनी तो स्वतः वाजवायला घेतला. आमच्या शालेय कार्यक्रमात जपानी ढोलाविषयी काही सांगायचे असेल, तर हे आधी सांगावे.

सणांच्या श्रमाचा विचार निघालाच आहे तर स्त्रियांचाही करावा. नववर्षाच्या ‘ओसेची’ जेवणाचे थरावर थर डबे आधीच भरून ठेवतात ते गृहिणीला पहिले तीन दिवस चुलीपासून सुटका मिळावी म्हणून, असे प्रेमाने सांगितले जाते. त्याआधीचे तीन दिवस ती कोठे असते, हे सांगितले जात नाही. अलीकडे हे डबे मोठ्या दुकानांतून विकत आणण्याची चाल पडली आहे. जुन्या पिढीला ती रुचत नाही, आम्हाला रुचते. बाजाराने सगळेच बरे केले असेही नाही. सेत्सुबुनच्या दिवशी भाताची लांब सुरळी खाण्याची ओसाकाकडची रीत दुकानदारांनी देशभर पसरवली. रात्री इतक्या सुरळ्या कचऱ्यात जाऊ लागल्या की २०१९ मध्ये कृषी मंत्रालयाला मागणीपुरत्याच करा, अशी विनंती काढावी लागली.

आता झाडूविषयी. जपानी शाळांत मुले वर्ग, जिने, मार्गिका स्वतः झाडतात, पुसतात. दुपारचे जेवण पांढरे झगे घालून स्वतः वाढतात. पाळ्या ठरलेल्या असतात आणि शिक्षकही सोबत असतात. ज्या समाजाने विटाळाच्या नावाखाली काही माणसांना कायमचे बाहेर ठेवले, त्याच समाजाच्या शाळेत फडके प्रत्येक मुलाच्या हाती आहे. ही आम्हाला जपानची सर्वांत मोठी ऋतुनिरपेक्ष प्रथा वाटते. परंतु आपल्याकडे ‘जपानसारखी स्वच्छता’ हे शब्द सावधपणे वापरले पाहिजेत. शाळेचे स्वच्छतागृह धुण्यासाठी विशिष्ट मुलांनाच धाडल्याच्या बातम्या आपल्या देशातून अजूनही येतात. पाळीपत्रक भिंतीवर लावलेले नसेल, त्यात सर्वांची नावे नसतील, मुख्याध्यापकांचे नाव नसेल, तर ती जपानची पद्धत नव्हे. ती आपली जुनीच पद्धत आहे. पालकांनी शाळेत आल्यावर वर्ग पाहण्याआधी हे पत्रक पाहावे.

आमची एक सूचना आहे, तिला खर्च नाही. क्योटोत सम्राट सागा याने ८१२ साली चेरीच्या बहराचा समारंभ केल्याची नोंद आहे. तेव्हापासून दरबारी लोक, भिक्खू आणि इतर रोजनिशी लिहिणाऱ्यांनी कोणत्या दिवशी झाडे पूर्ण फुलली हे टिपून ठेवले. कोणी विज्ञान म्हणून टिपले नाही. बहर पाहायला गेलो, एवढेच लिहिले. यासुयुकी आओनो या संशोधकाने त्या रोजनिश्या आणि इतिवृत्ते चाळून बाराशे वर्षांची तारीखवार मालिका जुळवली. २०२१ मध्ये तो बहर २६ मार्चला आला, तेव्हा इतका लवकर तो या नोंदींत कधीच आला नव्हता, हे जगाला सांगता आले. पृथ्वी तापत असल्याचा एक पुरावा सणाच्या हौसेतून तयार झाला.

निवासी शाळेत मुले वर्षाचा मोठा भाग एकाच आवारात काढतात. त्यांच्याइतके एखादे झाड कोणी पाहत नाही. एक जाड नोंदवही घ्यावी. आवारातला पळस कोणत्या तारखेला पेटला, बहावा कधी पिवळा झाला, पावशाची पहिली साद कधी ऐकू आली, पहिल्या पावसाने मैदान कधी भिजले, हे त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्या मुलाने किंवा मुलीने लिहावे. क्योटोच्या रोजनिश्यांत बहर पाहणाऱ्यांची नावे आहेत, झाडांना पाणी घालणाऱ्यांची नाहीत. या वहीत तारखेपुढे दोन रकाने असावेत: एक पाहणाऱ्याच्या पूर्ण नावाचा आणि इयत्तेचा, दुसरा त्या झाडाला उन्हाळ्यात पाणी ज्याने घातले त्याच्या नावाचा.